अर्थिंगचं पाणी

इलेक्ट्रिक गिटारच्या ब्रिजखाली एक बारीक वायर असते. ब्रिज म्हणजे तारा खालच्या टोकाला जिथं अडकवतात ती धातूची पट्टी. वायर बाहेरून दिसत नाही, पण तिच्यामुळं तारा अर्थिंगला जोडल्या जातात आणि गिटारची घूं घूं थांबते. आमच्या गिटारची ती वायर मी माझ्या हातानं सोल्डर केली होती. जयंतीच्या संध्याकाळी मी तारेला टेस्टर लावला, आणि टेस्टर पेटला.

धाकटी बहीण शेजारी उभी होती. तिच्या खालच्या ओठावर फोड आला होता. दुपारी तालमीत तारांवर बोटं ठेवून ती माइकजवळ गेली आणि झटका बसून मागं कोसळली होती. माइक मंडपवाल्याच्या जनरेटरवर होता, गिटारचा आवाज मोठा करणारा आमचा ॲम्प समाजमंदिराच्या लाइनवर. ॲम्पमधून गळणारा करंट जमिनीत उतरायला पाहिजे. त्याला तिकडं वाट नव्हती, म्हणून तो माझ्या वायरवरून तारांत येत होता. तारांपासून माइकपर्यंत मधे फक्त तिचे ओठ होते.

"कार्यक्रम रद्द कर म्हणू नको, ताई," ती म्हणाली.

मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

ही गिटार आम्ही दोघींनी जोडली होती. तारांचा आवाज पकडणारे पिकअप, ब्रिज, खुंट्या आणि आवाज कमीजास्त करायचे कंट्रोल ऑनलाइन मागवले. कुरियर शिरूर अनंतपाळपर्यंत यायला तयार नव्हता, म्हणून लातूरला जाऊन पुडकं आणलं. नेक, म्हणजे गिटारची लांब मान, नांदेडहून आणली, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणं सोडून दिलेल्या एका माणसाकडून. बॉडी मात्र घरची. बाबांचा छापखाना बंद पडला तेव्हा यंत्र भंगारात गेलं, पण ज्या सागवानी फळीवर पत्रकांचे गठ्ठे कापले जात ती फळी त्यांनी ठेवली होती. मी अक्षरं शिकले ती त्याच फळीशेजारी बसून. पुस्तकं नंतर आली. आधी पत्रकं वाचली, मजुरीची, गायरानाची, वसतिगृहाच्या जेवणाची. फळीला करवत लावायच्या आधी मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, कागदच कापत आली आयुष्यभर, आता वाजू दे.

त्या वर्षीची हवा इतकी कोरडी होती की नांदेडची नेक आमच्या घरात आक्रसली. लाकूड आत गेलं आणि तिच्यावरच्या फ्रेटच्या धातूच्या पट्ट्यांची टोकं बाहेर आली. सराव करून बहिणीचा तळवा रक्ताळायचा. मी एकेक टोक कानशीनं घासत बसले. दुष्काळ गिटारमध्ये शिरला तो असा. तेव्हा वाटलं होतं, एवढ्यावर भागेल.

जयंती मंडळानं बहिणीला एकच गाणं दिलं होतं, तेही कुरकुरत. आमच्या वस्तीच्या जयंतीत मुलीनं स्टेजवर वाद्य घेऊन उभं राहायची ही पहिलीच वेळ. अध्यक्षांचं म्हणणं, घरी बनवलेल्या डब्यापेक्षा डीजे बरा. नांदेडहून डीजेची गाडी येऊन कोपऱ्यावर उभीच होती. गिटार बंद पडली की गाडी पुढं घ्यायची आणि पुन्हा कुठल्या पोरीनं स्टेज मागायचं नाही, असं अध्यक्ष सगळ्यांसमोर बोलून गेले होते.

मी मंडपवाल्याकडं गेले. ॲम्पसुद्धा जनरेटरवर घे म्हटलं. त्यानं मान हलवली. जनरेटरवर आधीच लाइट आणि भोंगे होते, त्यात हे घरचं मशीन जोडून त्याला आपलं सामान जाळायचं नव्हतं. ब्रिजखालची वायर कापायची तर झटका थांबला असता, पण घूं घूं एवढी वाढली असती की गाण्याचा शब्द कळला नसता. मग मी समाजमंदिराच्या मागं गेले. तिथं अर्थिंगचा खड्डा आहे, मीठ आणि कोळसा घालून बुजवलेला, वर पाइपाचं तोंड. त्यात अधूनमधून पाणी ओतावं लागतं, म्हणजे माती ओली राहते आणि करंट खाली घेते. मी पाइपात काडी घातली. काडी कोरडी ठक्क निघाली. त्या खड्ड्यात पाणी कोण ओतणार होतं? माणसांना नव्हतं.

आणि खड्ड्याच्या पलीकडं पाच पावलांवर टँकरच्या पाण्यासाठी बायकांची रांग लागली होती.

इथं मला माझ्या पत्रकाबद्दल सांगायला पाहिजे. महिन्यापूर्वी आमचा तालुका नव्या जिल्ह्यात घालायच्या मागणीची सभा झाली. पुढारी येणार म्हणून मैदानावरची धूळ बसवायला टँकरचं पाणी मारलं गेलं. आमच्या वस्तीचा टँकर त्या दिवशी आला नाही. मी पत्रक काढलं, लातूरला छापून आणलं. मथळा होता, 'आधी पाणी, मग जिल्हा'. खाली लिहिलं होतं की टँकरच्या पाण्यातली एक घागरसुद्धा आम्ही मातीत जाऊ देणार नाही, मग ओतणारा कुणीही असो. हे शेवटचे दोन शब्द—कुणीही असो—मी जाड टायपात घेतले होते. घरोघर वाटलं. शेजारच्या मावशीनं तर दारावर चिकटवलं होतं.

तीच मावशी आता रांगेत पुढं होती. बहिणीनं आमच्या घरची भरलेली घागर उचलून खड्ड्याजवळ आणली तशी मावशी म्हणाली, "कुठं चाललीस गं ती घेऊन?"

मी सांगितलं, जेवढं समजावता येईल तेवढं. रांग ऐकत होती.

"म्हंजी जमिनीत ओतून राहिल्यात तुम्ही," मावशी म्हणाली. "त्यांनी मैदानावर मारलं तर पत्रक. तुम्ही मारलं तर गाणं."

रांगेत कुणीतरी हसलं. ती बरोबर होती. मी बहिणीच्या हातातली घागर धरली. सांडपाणी शोधू म्हटलं, धुण्याचं, भांड्यांचं, कसलंही चालेल. चार घरं फिरले. सांडपाणीसुद्धा कुणाकडं उरलेलं नव्हतं. मावशीच्या दारात तेवढी एक बादली होती, भांडी विसळलेल्या पाण्याची. ती शेळीसाठी होती.

"शेळी काय वीज पिती का?" रांगेत घागर ठेवून माझ्यामागं आलेली मावशी म्हणाली. तिनं बादलीवर ताट झाकलं आणि ती परत रांगेत गेली.

परत आले तर बहीण घागर धरून तिथंच उभी. स्टेजवरून अध्यक्षांनी तिचं नाव एकदा पुकारलं होतं. मी म्हटलं, आज नको. पुढच्या वर्षी वाजव. मी लिहिलेलं मीच मोडलं तर उद्या माझ्या शब्दाला कोण विचारील?

तिनं ओठावरचा फोड चाचपला.

"मग मी तशीच जाते," ती म्हणाली. "तुझं पत्रक ऱ्हाऊ दे कोरडं."

ती खरंच गेली असती. मी तिला ओळखते. तारांवर बोटं ठेवून, जळका ओठ माइकला लावून ती उभी राहिली असती, आणि या वेळी झटका तेवढाच बसेल याची खात्री कुणी द्यायची?

बाबा रांगेच्या कडेला उभे होते. मी त्यांच्याकडं पाहिलं. लहानपणापासून त्यांनी एकच शिकवलं होतं, की छापलेल्या ओळीखाली आपण स्वतः उभं राहायचं. त्यांनी सांगावं म्हणून मी थांबले.

"घागर घरची हाय," ते म्हणाले. "पत्रक तुझं हाय. मला कशाला विचारती?"

मी पंगतीच्या चुलीवरून मूठभर मीठ आणलं, खारट पाण्यातून करंट लवकर उतरतो. पाइपात टाकलं. मग घागर तिच्याकडून घेतली आणि रांगेकडं तोंड करून, सगळ्यांना दिसेल अशी ओतली. पाठ करून ओतणं मला जमलं नसतं. जमिनीनं गटागटा आवाज केला. तो आवाज ऐकताना रांगेतली एक बाई दुसरीकडं बघायला लागली. पिण्याचं पाणी मातीत जाताना बघणं सोपं नाही. मलाही झालं नाही.

खड्ड्याला लागूनच स्टेजची मागची कड होती; तिथं टेकवलेल्या गिटारच्या तारेला टेस्टर लावला. दिवा मंद झाला होता, विझला नव्हता.

अध्यक्षांनी दुसऱ्यांदा नाव पुकारलं. कोपऱ्यावर डीजेच्या गाडीचं इंजिन सुरू झालं. रांगेतल्या बायका टँकरकडं न बघता माझ्या हातातल्या टेस्टरकडं बघत होत्या. मग मावशी रांग सोडून घरात गेली आणि शेळीची बादली घेऊन आली. तिनं ती पाइपात उपडी केली. खरकटं पाणी होतं, आमच्या घागरीपेक्षा खारट.

"शेळी वरडंल आता," ती म्हणाली. "तिला पत्रक वाचून दाखव."

टेस्टर विझला. मी तारा बदलून बदलून लावून पाहिला. नाही पेटला. पण टेस्टर म्हणजे ओठ नव्हेत. मी स्टेजवर चढले, गिटार गळ्यात घेतली, डाव्या हातानं सगळ्या तारा दाबल्या आणि माइकला ओठ लावले. लोकांना वाटलं मी भाषण करणार. माइकच्या जाळीची गंजकी चव आली. तेवढंच. मी गिटार बहिणीच्या गळ्यात दिली.

तिचं गाणं मी बघितलं नाही. मी खड्ड्यापाशी बसले, कारण त्या मातीवर माझा भरवसा नव्हता. इतक्या तहानलेल्या जमिनीत पाणी किती वेळ टिकणार? पहिलं कडवं स्वच्छ आलं. तारांचा आवाज पत्र्यावरून घासून जावा तसा कडक होता, आणि त्याच्यावर तिचा गळा. दुसऱ्या कडव्याला टाळ्या पडल्या. मी टाळ्या ऐकत नव्हते. मी टाळ्यांखाली घूं घूं ऐकू येते का ते शोधत होते.

मावशीचा नंबर लागून गेला होता. घागर भरून ती घरी जायचं सोडून माझ्याजवळ येऊन बसली, घागर दोन्ही पायांच्या मधे धरून.

"मी ओतणार न्हाई," ती म्हणाली. "पर लागलं तर सांग."

तिसऱ्या कडव्याला मला वाटलं, ती आली. अगदी बारीक, भोंग्याच्या तळाशी, घूं. मी भोंग्याकडं कान केला. खरी होती की माझ्या कानातली, ते कळेना. स्टेजवर बहीण शेवटच्या ओळीसाठी माइकच्या जवळ सरकली असणार, ती नेहमी सरकते.

मी मावशीकडं वळले. ती आधीच उठली होती आणि घागरीवरचा फडका काढत होती.

"बोल लवकर," ती म्हणाली.

"ओत," मी म्हटलं.

तिनं ओतली.