क्लॅम्प कुणी सोडला

इलिनॉयमधल्या मक्याच्या शेतांतून गेलेल्या एका गॅसलाइनवर बऱ्याच वर्षांपूर्वी क्लॅम्प सोडायची खूण मी वेळेआधी केली होती. हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही.

बाकी पाइपलाइनवरच्या फोरमनच्या या कामात मला कुणी नवीन काही शिकवावं, असं फारसं उरलेलं नाही. शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर मिठाई घेताना आमच्या मराठी मंडळातली आयटीवाली मुलं भेटतात. "काका, अजून माणसं वेल्डिंग करतात? रोबो नाही?" आहे ना. सपाट रानात मैलोन् मैल सरळ लाइन असली, की पाइपाला पट्टा बांधायचा. त्यावरून मशीन फिरतं आणि एकसारखा जोड देतं. पण चढ आला, वळण आलं, की हातात रॉड धरणारा माणूसच लागतो. "म्हणजे काका, तुमची नोकरी सेफ!" "माझी नाही रे, त्याची."

'त्याची' म्हणताना मला एकच वेल्डर दिसतो.

कमरेएवढा उंच पाइप. दोन पाइपांची तोंडं समोरासमोर आणली, की आतून एक क्लॅम्प ताणून बसवतात. तो दोन्ही तोंडं एका रेषेत घट्ट धरतो. मग दोन वेल्डर दोन बाजूंनी वरून खाली पहिला थर देत येतात. हा थर अगदी पातळ. तो पुरा होईपर्यंत क्लॅम्प हलवायचा नाही, नाहीतर तडा जातो. त्या दिवशी ढग भरून आले होते, पुढचा पाइप क्लॅम्पसाठी खोळंबला होता, आणि दोघांपैकी त्याच्या बाजूचा तळाचा वीतभर भाग राहिला होता. मला वाटलं, धरेल. मी हात वर केला. क्लॅम्पवाला पाइपाच्या पार टोकाला. त्याला जोड दिसत नाही, फक्त माझा हात दिसतो. आणि हेल्मेट खाली असलेल्या वेल्डरला ठिणगीपलीकडे काहीच दिसत नाही.

एक्स-रेत तडा निघाला, त्याच्याच बाजूला. जोडाशेजारी वेल्डरचा नंबर खडूने लिहिलेला असतो. खूण करणाऱ्याचं काही लिहिलेलं नसतं. संध्याकाळी त्याला कामावरून काढलं. जाताना मला म्हणाला, "सॉरी बॉस, तुझा दिवस खराब केला."

"इट हॅपन्स," मी म्हटलं.

तेव्हापासून माझ्या साइटवर वेल्डर स्वतः ओरडून सांगत नाही तोवर क्लॅम्पला कुणी हात लावत नाही. या कडकपणासाठी लोक मला मानतात. नियम बरोबरच आहे.

गेल्या महिन्यात तो नव्या कामाची टेस्ट द्यायला आमच्या यार्डात आला. केस पांढरे झालेले. मला पाहून हसला. जोड सुरेख दिला, पण किती हळू! तळाशी आला की उजव्या मनगटाला डाव्या हाताचा आधार द्यायचा. शेजारचे तरुण वेल्डर चिडवत होते, "ग्रँडपा, लंचच्या आत होईल ना?"

"पूर्वी तू असा नव्हतास," मी म्हटलं.

"तो तुझ्या साइटवरचा तडा आठवतो? तळाशी हात दगा देतो माझा. तेव्हापासून त्याच्यावर विश्वास नाही."

मी त्याला पास केलं. त्याच्याशी हात मिळवला आणि पुढच्या वेल्डरला बोलावलं.

आता तो आमच्याच लाइनवर आहे, माझ्या घरापासून दोन तासांच्या ड्राइव्हवर. तडा त्याच्या हातामुळे गेला नव्हता, माझ्या हातामुळे गेला होता. हे त्याच्यासमोर उभं राहून सांगणं, एवढं मी त्याचं देणं लागतो.