जनूभाऊंची डबल बेल

जानेवारीतला शेवटचा रविवार. हजर: शोभनाताई, इक्बालभाई, तुषार, जनूभाऊ आणि मी. गैरहजर कोणी नाही. पुढे मी, शेवटी जनूभाऊ. दर शनिवारी दुकान बंद करताना मी ग्रुपवर अशी यादी टाकते. कोण येणार, पंक्चरचं सामान कोणाकडे, केळी कोण आणणार, पुढे कोण, शेवटी कोण. माझं अलिबागला औषधांचं दुकान आहे, यादीशिवाय मला जमत नाही. त्या रविवारची यादी अजून फोनवर आहे. त्यातलं सगळं ठरल्याप्रमाणे झालं, फक्त शेवटचा माणूस पोचला नाही.

जनूभाऊ गेल्यावर लोक मला दुकानात येऊन काय काय सांगून गेले. एक म्हणाले, ‘या वयात सायकल कशाला?’ दुसऱ्यांनी विचारलं, ‘हेल्मेट होतं का?’ होतं. माझ्यासमोर बक्कल लावलं होतं. पण सर्वात जास्त राग आला तो एका वाक्याचा, आणि ते बहुतेकांनी म्हटलं: ‘निदान आवडीचं करताना गेले.’ नाही. जनूभाऊ आवडीचं करताना गेले नाहीत. त्यांना जगात ज्या एका गोष्टीचा तिटकारा होता, तिच्यावर ते गेले. डांबरी रस्त्यावर.

ते एसटीत कंडक्टर होते, नोकरीचा सगळा काळ कोकणातल्या रस्त्यांवर. निवृत्त झाल्यावर त्यांनी जुनी काळी सायकल दुरुस्त करून घेतली आणि गावाबाहेरच्या वाटा शोधायला लागले. पाठदुखीचं मलम घ्यायला दुकानात यायचे. एकदा मी म्हटलं, मलाही सायकल चालवायची आहे, पण गाड्यांची भीती वाटते. ते म्हणाले, “डांबरावर मी पगारासाठी फिरलो, केमिस्टबाई. आता फुकट कोन फिरेल? तुम्ही रविवारी या, एक बी गाडी न्हाय दाखवत.” मी गेले. रेवदंड्याच्या खाडीकडून सुरुवात केली. एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला भाताची कापलेली शेतं, आणि मधून मातीचा बांध. पुढे वाड्यांमधली बैलगाडीची वाट, मग जंगलातली खडीची चढण, वर उघडा कातळ, त्यावर वाळलेलं पिवळं गवत आणि नुसता वारा. तिथून उतार थेट नदीच्या खोऱ्यात. दुपारपर्यंत खरोखरच एकही गाडी दिसली नाही. मी पन्नाशीला आले होते आणि आपल्याच तालुक्यात हे आहे हे मला माहीत नव्हतं.

हा सगळा रस्ता त्यांनी तुकड्यातुकड्यांनी जोडला होता. ज्याच्या वाडीतून वाट जाते त्याच्या अंगणात बसून, चहा पिऊन, विचारून. वाटेत तीन ठिकाणी बेडं होतं. बेडं म्हणजे कुंपणातलं दार, दोन खांबांना भोकं पाडून त्यांत आडवे बांबू सरकवलेले असतात. माणसाने बांबू काढायचे, पलीकडे जायचं आणि पुन्हा लावायचे, नाहीतर गुरं शेतात शिरतात. जनूभाऊंचा नियम होता की बेडं शेवटचा माणूस लावणार आणि शेवटचा माणूस तेच असणार. आम्ही पुढे जाऊन एक पाय जमिनीला टेकून थांबायचो. मागे बांबू सरकल्याचा आवाज यायचा आणि मग त्यांच्या सायकलची घंटी दोनदा वाजायची. डबल बेल. एसटीत कंडक्टरने दोनदा घंटी दिली की ड्रायव्हर गाडी सोडतो, तसंच. त्याशिवाय हलायचं नाही. तुषार एकदा हलला होता. “ए वायरमन, गाडी तुझ्या बापाची हाय काय? प्यासिंजर खाली हायेत अजून!” असं त्याला अख्ख्या कातळावर ऐकू जाईल इतकं सुनावलं. आम्ही घोळका करून अडकलो की मागून हाक यायची, “पुढं सरका, पुढं सरका, मधी जागा हाय!” बेकरीवाले इक्बालभाई म्हणायचे, “जनूभाऊ, सुट्टे नहीं है, उतरून जाऊ काय?” आणि ते गंभीरपणे उत्तर द्यायचे, “पाव द्या, चालंल.”

गोड माणूस नव्हते. केळ्याची साल टाकली म्हणून शोभनाताईंना ते एवढं बोलले की शाळेच्या मुख्याध्यापिका असून त्या रडल्या. सायकलला गिअर घ्या म्हटलं की अपमान झाल्यासारखं बघायचे. आणि हट्टी इतके की… त्यावर पुढे येतेच.

मागच्या दिवाळीनंतर कातळावरून नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर भिंत उभी राहिली. मुंबईच्या कोणीतरी जागा घेतली होती. वाटेच्या तोंडाशी पूर्वी बेडं होतं, आमचं तिसरं. ते उपटून तिथे काळं लोखंडी गेट बसवलं आणि त्याला कुलूप घातलं. बैलगाड्या जात होत्या, गुरं जात होती, गावातली माणसं नदीवर जात होती, हे त्या कुलपाला कोण सांगणार? मी अर्ज केले. माझ्याकडे प्रती आहेत, पोचही आहे. उत्तर आलं की अशी वाट नकाशावर नाही. जनूभाऊ तो कागद हातात धरून म्हणाले, “मी तरी कुठं हाय नकाशावर?”

एका रविवारी मालक स्वतः भेटला. हाफ पँट, पायाशी कुत्रा, अतिशय नम्र. जनूभाऊंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “अंकल, आप लोगों से कोई प्रॉब्लेम नहीं. लेकिन लायबिलिटी का इश्यू है. कल को यहाँ किसी को कुछ हो गया तो?”

हे वाक्य मी विसरणार नाही. कोणाला काही होऊ नये म्हणून त्याने गेट बंद ठेवलं. त्याच्या आवारात कोणाला काही झालंही नाही. जे झालं ते बाहेर झालं.

गेट बंद झाल्यावर नदीच्या वाटेला लागायचं तर मुख्य रस्त्यावरून एक वळण पार करावं लागे. मोरी, वळण आणि लगेच डावीकडे खाली उतरणारी मातीची वाट, एवढाच तुकडा. मी म्हटलं होतं, गेटपर्यंत जाऊ आणि परत फिरू. मी ते स्पष्ट म्हटलं होतं. जनूभाऊ ऐकतील तर ना. “अर्ध्या रस्त्यातून गाडी परत न्यायची? प्यासिंजर काय म्हनतील?” प्यासिंजर काहीही म्हणत नव्हते, जनूभाऊ. प्यासिंजर परत फिरायला तयार होते. तुमच्यावरचा हा राग कुठे ठेवायचा ते मला अजून कळलेलं नाही.

त्या तुकड्यावर बेडं नव्हतं, तरीही ते शेवटीच राहायचे. सगळी माणसं डांबरावरून उतरली हे डोळ्यांनी बघायचं आणि मगच घंटी द्यायची. त्या रविवारी मी पहिली उतरले. माझ्यामागे शोभनाताई, इक्बालभाई, तुषार. आम्ही चौघं मातीवर एक पाय टेकून डबल बेलची वाट बघत थांबलो. वरच्या वळणावर ब्रेकचा आवाज आला. घंटी आली नाही. आम्ही तरीही क्षणभर तसेच उभे राहिलो, कारण घंटीशिवाय हलायचं नाही ही सवय… मग तुषार सायकल टाकून धावला.

गाडीतली माणसं सुट्टी संपवून मांडव्याला बोट पकडायला निघाली होती. गाडी चालवणारा सारखं तेच सांगत होता, बोट चुकली असती. मांडव्याहून एकच बोट सुटते का? एक चुकली तर जेटीवर वडापाव खात पुढचीची वाट बघायची, आम्ही सगळे आयुष्यभर तेच करत आलो आहोत.

दहाव्यानंतर मला एक फोन आला. त्या बंगल्याचा व्यवस्थापक बोलत होता. साहेबांना फार वाईट वाटलं आहे. तुम्ही श्रद्धांजली म्हणून सायकल फेरी काढणार असाल तर सर्वांना टी-शर्ट साहेबांकडून, त्यावर जनूभाऊंचा फोटो.

मी म्हटलं, “टी-शर्ट नकोत. गेटची चावी द्या.”

“मॅडम, तो वेगळा विषय आहे.”

“विषय तोच आहे,” मी म्हटलं आणि फोन ठेवला. गिऱ्हाइकांसमोर असं कसं बोलले म्हणून दुकानातला माणूस माझ्याकडे बघत होता. बघू दे.

नंतर सुमनवहिनी, जनूभाऊंच्या पत्नी, दुकानात आल्या. पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली घंटी काढून काउंटरवर ठेवली. “समदी सायकल वाकली, ही तेवढी न्हाय वाकली. ज्यो शेवटी ऱ्हाईल त्याच्या सायकलीला लावा. घरात नको. नातवंडं वाजवतात नि मी दाराकडं बघतंय.”

गेल्या रविवारी आम्ही पुन्हा निघालो. चौघं, फक्त गेटपर्यंत. खाडीचा बांध संपला की पहिलं बेडं हिराबाईंच्या वाडीचं. तुषारने बांबू काढले, आम्ही एकेक करून पलीकडे गेलो आणि सवयीने पुढे जाऊन थांबलो. एक पाय जमिनीला. मागे बेडं सताड उघडं होतं आणि आम्ही चौघं शहाणी माणसं घंटीची वाट बघत उभे होतो. शेवटी हिराबाईच ओरडत आल्या.

“ओ मॅडम! बेडं कोन लावेल? जनूभाऊ गेला म्हनून माझा वाल गुरांनी खावा काय?” आणि जवळ येऊन पाहतात तर आम्ही चौघंही रडत होतो. मग पदर तोंडाला लावून त्याही तिथेच उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “लावा गो आता. म्हस बघतंय हिकडंच.”

मी परत गेले आणि बांबू सरकवले. कातळावरून गेटपर्यंत गेलो. कुलूप होतं तसंच आहे. परत फिरलो.

आज पुन्हा शनिवार. उद्यापासून नदीपर्यंत जायचंच, असं तुषार म्हणतो. जनूभाऊंना अर्धी फेरी आवडली नसती, असं इक्बालभाई म्हणतात. दोघांचंही खरं आहे. तिसरा अर्ज लिहून झाला आहे, सोमवारी देणार. पंक्चरचं सामान तुषारकडे, केळी शोभनाताईंकडे, पाव इक्बालभाईंकडे. पुढे मी. घंटी काउंटरच्या खणात आहे, पुसून ठेवली आहे, पाना पण शेजारीच आहे. ते गेट बंद असेपर्यंत शेवटी म्हणून ज्याचं नाव लिहीन, त्याला मी त्या वळणावर सगळ्यांच्या मागे ठेवणार आहे.

शेवटी: … 

हे तेवढं भरायचं राहिलं आहे.