पोचायच्या आधी काढलेला केर

मी चौथी शिकलेली बाई. भुतंखेतं मी कधी मानली नाहीत. गल्लीत कुणाच्या अंगात आलं की मी म्हणायचे, शेणी थापायला बसवा, आपोआप उतरेल. तरी हे लिहिते, कारण त्या दिवशी ऐकणारी मी एकटी नव्हते.

आमचं घर गडमुडशिंगीत. विमानतळ जवळच, पण नव्वदनंतरच्या त्या वर्षांत विमान कधीतरीच यायचं. माझा थोरला, तानाजी, एका कारखानदाराकडे ड्रायव्हर होता. मालकांचा पाहुणा लहान विमान घेऊन आला आणि मालक हौसेनं त्याच्याबरोबर बेळगावला निघाले. त्यांची गाडी तानाजीनं रस्त्यानं न्यायची. विमान सरळ जातं, अर्ध्या तासात बेळगावच्या विमानतळावर, सांबऱ्याला उतरतं. गाडीला मात्र कागल, निपाणी, तवंदीचा घाट, संकेश्वर... सकाळची दुपार होते. त्यात तानाजीची आदल्या रात्री झोप झाली नव्हती.

आमच्यात माणूस गावाला गेलं की ते पोचेपर्यंत घरात केर काढत नाहीत. रीत आहे, एवढंच.

तानाजी गाडी घेऊन निघाला, त्यानंतर तासाभरानं शेजारच्या दुकानात फोन आला. दुकानदार भिंतीवरून म्हणाला, "अक्का, मालक सांबऱ्यात उतरलं. गाडी कवा निघाली म्हून इचारत्यात."

माझी सून मंगल लगेच केरसुणी घेऊन उठली. तिच्या माहेरची माणसं जेवायला यायची होती.

"अगं, तो कुठं पोचलाय?"

"मालक पोचलं की, आत्याबाई. दोघं एकाच गावाला गेल्यात."

"मालक उडत गेलाय. तुझा नवरा पण उडत गेलाय काय?"

ती हसली आणि स्वयंपाकघरातनं केर ओढायला लागली. मी उंबऱ्यात तांदूळ निवडत होते. तेवढ्यात चुलीजवळून तानाजीचा आवाज आला. मोठा नाही... दमल्यासारखा.

"आई, मी अजून पोचलो न्हाय."

मंगलचा हात थांबला. ती माझ्याकडे बघत होती, मी तिच्या मागं. चुलीजवळ कुणी नव्हतं. माझ्या हातातलं सूप पडलं. मी ओरडले, "टाक ती केरसुणी. ताना, ऊठ!"

ऊठ का म्हणाले, मला आजही सांगता येत नाही.

केर तसाच टाकून आम्ही दोघी अंगणात येऊन बसलो. माहेरची माणसं आली, तीही बाहेरच बसली. चूल पेटवायला कुणी आत जाईना. पार दुपार टळल्यावर दुकानात तानाजीचा फोन आला — पोचलो म्हणून. तेव्हा कुठं मी आत जाऊन चूल पेटवली.

दुसऱ्या दिवशी तो घरी आला. जेवला नाही.

"घाटात डोळा लागला," तो म्हणाला. "तू कानाशी ओरडलीस, ताना ऊठ. डोळं उघडलं तर गाडी कठड्याला घासत चाललेली."

"आणि तू काय म्हणालास?"

"मी? मी झोपलोतो की, आई."

माझी हाक घाटात कशी गेली, ते मी एक वेळ सोडून देईन. आईचा जीव, असं लोक म्हणतात. पण तो झोपला होता. मग माझ्या चुलीजवळ त्याच्या आवाजात बोललं ते कोण?

मंगल अजून त्या कोपऱ्यात एकटी केर काढत नाही. मी दारात उभी राहते. तिला भित्री म्हणत नाही.