सुताराचं आडनाव

माझी लेक पुण्यात नोकरी करते आणि संध्याकाळी एका गायनवृंदात गाते. घनसावंगीत माझं फर्निचरचं दुकान आहे. यंदा त्या गायनवृंदानं कुण्या जुन्या फ्रेंच संगीतकाराची रचना बसवायला घेतली आणि कार्यक्रमात त्याचं नाव इंग्रजीतून पुकारायचं काम तिच्याकडे आलं. त्याच आनंदात तिनं फोन केला, "अप्पा, ह्या माणसाच्या आडनावाचा अर्थ काय माहितीये? सुतार!"

म्हणजे आपलाच निघाला की! मी बायकोला हाक मारून सांगितलं. ती भाजी निवडत होती. "मंग? तिकडचे लोक काय जमिनीवर बसतात? सुतार असणारच," म्हणाली. हिला कशाचंच नवल वाटत नाही.

"म्हणायचं कसं?" मी लेकीला विचारलं. तिनं नीट समजावलं. सुरुवातीला इंग्रजीतला च दिसतो, पण म्हणायचा श. फ्रेंच लोक मधला न नाकातच ठेवतात. इंग्रजांना ते जमत नाही, म्हणून ते तो ठसठशीत म्हणतात. शेवटचा र मात्र दोघंही गिळतात. मी म्हणून पाहिलं, तर च पण आला आणि र पण. लेक अशी हसली की तिला ठसका लागला. पुण्याला गेल्यापासून तिचे फोन म्हणजे 'जेवलात का', 'गोळ्या घेतल्या का', 'ठेवते मंग'. असं हसणं ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी प्लायवूड कापता कापता मला ते आडनाव बराबर जमलं. पण फोनवर मी चुकतच राहिलो. कधी च घालायचो, कधी र. ती हसायची, रागवायची, परत म्हणून दाखवायची. ते आडनाव मी इथं लिहीत नाही. ते तिच्याच तोंडून ऐकावं.

आमच्या घरात खंडेनवमीला हत्यारं धुऊन पाटावर मांडतात, हळदकुंकू लावतात. त्या दिवशी लाकडाला हात लावायचा नाही. दसऱ्याला सकाळी ज्यानं त्यानं आपलं हत्यार उचलायचं; दुसऱ्याचं उचलायचं नाही. लेक लहान असताना माझ्या वडिलांनी तिला सागाचा इवलासा रंधा करून दिला होता. दर दसऱ्याला ती तो उचलून एखाद्या फळीवर फिरवायची. निघालेली साल केसांत खोचून गावभर मिरवायची.

मागच्या दसऱ्याला तिला सुट्टी मिळाली नाही. बाकीची हत्यारं उठली, तिचा रंधा पाटावरच राहिला. वर्षभर बायको त्याच्या कडेकडेनं झाडत आली. कुंकू उडालं, हळदीचा डाग तेवढा राहिला. यंदा ती आली की उचलेल, हे मी मनात पक्कं धरलं होतं. पण कार्यक्रम नेमका दसऱ्यालाच ठरला.

खंडेनवमीला आम्ही त्याच पाटावर, तिच्या रंध्याच्या भोवतीनं बाकीची हत्यारं मांडली. रंध्याला नवं कुंकू मी लावलं. मला फार भरून आलं. पोरगी चांगलं करून राह्यली, हे कळत होतं. तरी ती इथं हवी होती. तेवढ्यात तिचा फोन आला.

"पूजा झाली?"

"झाली. ते सुताराचं आडनाव कसं म्हणायचं गं? परत विसरलो."

ती हसली नाही. "अप्पा, तुम्हाला येतं ते. परवा आईशी बोलत होते, तर मागून तुमचा आवाज येत होता. रंधा मारता मारता म्हणत होता तुम्ही. बिलकुल बरोबर."

फोन स्पीकरवर होता. बायकोनं माझ्याकडं पाहिलं आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

"मंग रोज कशाला विचारता?" लेक म्हणाली.

"तू म्हणतीस ते ऐकू येतं म्हणून," मी म्हणालो.

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"माझा रंधा कुणी उचलला न्हाई ना?"

"न्हाई. पाटावरच हाय."

"राहू द्या. दिवाळीला मी येऊन उचलते." मग तिनं ते आडनाव म्हटलं, अगदी सावकाश, लहान पोराला शिकवावं तसं. "आता तुम्ही म्हणा, अप्पा. चुकीचं म्हणा."