छापायच्या आधीचं भांडण

दस्तगीर शिकलगार गेल्याची बातमी आमच्या साप्ताहिकात मीच लिहिली. सहा ओळींची होती. नाव, वय, विषमज्वर, मागे पत्नी आणि दोन मुली, आणि तो आमच्याकडे फुटबॉलच्या सामन्यांचे वृत्तान्त लिहीत असे, एवढंच. अंक बाहेर पडला त्याच दिवशी सांगलीतली दहा-बारा माणसं छापखान्याच्या दारात आली. इतकी वर्षं ज्यानं आमच्या पोरांची नावं छापली त्याला सहाच ओळी, हा कुठला न्याय, असं त्यांचं म्हणणं. ती तडक संपादकांच्या खोलीत गेली. मी दाराशेजारच्या टेबलावर बसलो होतो. त्या ओळी कुणी लिहिल्या, हे त्यांनी मला विचारलं नाही, आत संपादकांनाही विचारलं नाही. माणसं गेल्यावर संपादकांनी मला बोलावलं आणि म्हणाले, पुरवणीत सविस्तर लिहा, त्याला तुमच्याइतकं कोण ओळखत होतं? ते खरं आहे.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा आम्ही दोघे कराडच्या बाजूला एका तेलगिरणीत नोकरीला होतो. ती गिरणी आता बंद आहे. शेंगांच्या गाड्या येत, दस्तगीर वजनकाट्यापाशी उभा राहून वजन करी आणि मी त्याची पावती लिही. शेंगा ओल्या असल्या, माती असली, तर किती वजन वजा धरायचं ते काट्यावरचा माणूस ठरवी. म्हणून गाडीवान काट्यापाशी आला की त्याच्या मुठीत काही ना काही असे, आणि ती मूठ दस्तगीरच्या हातात रिकामी होई. त्याला चहापाणी म्हणत. मी चहापाणी कधी घेतलं नाही, असं पुढे लोक माझ्याबद्दल चांगुलपणानं सांगत. वस्तुस्थिती अशी, की मला ते कुणी देऊ केलं नाही. पावतीवर मी काय लिहिणार हे आधीच ठरलेलं असे. माझ्या हातात काही नाही हे सातवीसुद्धा न शिकलेल्या गाडीवानांना नेमकं कळत होतं. पुढे मालकांच्या कानावर गेलं आणि दस्तगीरला काढलं. मी आधीच सांगलीला साप्ताहिकात आलो होतो. त्याला इथे आणला तोही मीच.

त्याला छापखान्यात अंकांच्या घड्या घालायला घेतलं होतं. एका रविवारी सामन्याला जाणारा बातमीदार आजारी पडला आणि दस्तगीर लहानपणी साताऱ्याला फुटबॉल खेळलेला, म्हणून त्याला धाडलं. तो परत आला आणि त्यानं लिहिलं, ‘सांगलीचा गोलकीपर पूर्ण वेळ उभा होता, याहून अधिक त्याच्याबद्दल सांगता येत नाही.’ तोवर आमच्या अंकातलं एखादं वाक्य गावात पाठ झाल्याचं मी ऐकलं नव्हतं. हे झालं. मी हळदीचे भाव, कोर्टाचे निकाल, नगरपालिकेच्या सभा लिहीत होतो, चूक न करता. त्याबद्दल मला रस्त्यात कुणी थांबवलं नाही. दस्तगीरला थांबवत. सामन्यानंतरच्या अंकाच्या दिवशी दोन-तीन गडी सुतळी घेऊन छापखान्यात येत, रकान्याला लावून मापत आणि त्याच्यापुढे धरत. “ह्ये बघ. साताऱ्याच्या गोलाला वीतभर, आमच्या गोलाला बोटभर. जन्म साताऱ्याचा म्हनून व्हय रं?” साताऱ्याहून पत्रं येत ती उलटी... सांगलीचं मीठ खाल्लंस, गावाला विसरलास. दोन्ही गावांना एकाच वेळी पक्षपाती वाटणं ही बातमीदाराला मिळणारी फार मोठी गोष्ट आहे. हे मला तेव्हाही कळत होतं. मी खाली मान घालून हळदीचे भाव तपासत असे.

मग तो सामना झाला. साताऱ्यानं सांगलीला सांगलीच्या मैदानावर एका गोलानं हरवलं. तो गोल ऑफसाइड होता, असं सगळं मैदान म्हणत होतं. दस्तगीरनं लिहिलं, गोल स्वच्छ होता. मैदानाजवळच्या चहाच्या दुकानात आमचा अंक मोठ्यानं वाचला जाई. तिथे मारुती नावाचा सांगलीच्या संघाचा जुना पाठीराखा बसला होता. हा मारुती पूर्वी गाडी हाकायचा, आमच्या गिरणीत शेंगा घेऊन येई. वाचन संपल्यावर तो उठून म्हणाला, “काट्यावर खात हुता, आता गोलावर खातोय.” आणि गिरणीतलं सगळं सांगितलं. संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. संपादकांनी मला बोलावून सांगितलं, “पुढच्या अंकापासून फुटबॉल तुम्ही पाहा, नाना.” मी बरं म्हणालो. मला आनंद झाला होता.

दस्तगीरनं संपादकांकडे एक दिवस मागितला. दुसऱ्या दिवशी तो त्या चहाच्या दुकानात गेला, जाताना मला सोबत घेऊन गेला. दुकान भरलेलं होतं. तो पायरीवरच उभा राहिला.

“मारुती खरं बोलतोय,” तो म्हणाला. “काट्यावर मी घेतलं. मारुती, तुजंबी घेतलं.”

“घेतलंस की! आन् गोलाचं?”

“गोलाचं मला कोन देनार? साताऱ्याची पोरं अनवाणी खेळत्यात. बुटाला पैसं न्हाईत त्यांच्याकडं, मला कुठनं देतील?”

मागे कुणीतरी हसलं. मारुती हसला नाही. “इस्वास कसा ठेवायचा तुज्यावर?”

“ठिवू नगा. सामना झाला की मी हितंच बसून लिहितो आन् हितंच वाचतो. ज्याला भांडायचं त्यानं छापायच्या आधी भांडायचं. चूक दावली तर खोडीन. पन चूक दावायची, शिवी द्यायची न्हाई.”

“शिवीबी दिऊ की,” मागचा आवाज आला. “फुकट हाय ती.”

आता मारुतीही हसला. त्या हसण्यात माझा रकाना गेला. संपादकांनी तो विषय पुन्हा काढला नाही आणि मीही नाही.

त्यानंतर प्रत्येक सामन्याच्या संध्याकाळी दस्तगीर त्या पायरीवर बसून लिही आणि वाची. सांगलीचे एका अंगाला, साताऱ्याहून आलेले दुसऱ्या अंगाला. एकेका वाक्यावर आरडाओरडा होई. तो ऐकून घेई, खेळाडूचं नाव चुकलं असेल तर खोडी, मत मात्र खोडत नसे. एकदा सांगलीच्या संघाला पैसे पुरवणाऱ्या व्यापाऱ्यानं त्याच्या घरी गुळाची ढेप धाडली. साखर तेव्हा रेशनवर होती. दस्तगीर ती ढेप खांद्यावर घेऊन दुकानात आला आणि दोन्ही बाजूंना त्याच गुळाचा चहा पाजला. वृत्तान्तात त्या दिवशी सांगलीच्या बचावफळीचं जे व्हायचं ते झालं. ही गोष्ट गावात अजून सांगतात. तो प्रामाणिक होता असं मी म्हणणार नाही, काटा मी पाहिला आहे. पण माझ्या घरी ढेप कधी आली नाही. त्यामुळे ती खांद्यावर घेऊन भर बाजारातून चालण्याची संधीही मला मिळाली नाही, आणि लाचेची संधी त्याला दोनदा मिळाली, एकदा घ्यायची आणि एकदा न घ्यायची, याचा मला हेवा वाटत आला. आजही वाटतो.

मिरजेच्या दवाखान्यात त्याला शेवटचा भेटलो तेव्हा ताप उतरत नव्हता. ओठ सुकले होते. पुढच्या रविवारी सामना होता आणि संपादकांनी तो मला दिला होता, हे त्याला कळलं होतं.

“पायरीवर जाऊन वाच रं नाना,” तो म्हणाला. “आंगावर येतील. भिऊ नगंस. लय भांडत्यात, पन ऐकत्यात.”

मी हो म्हणालो. रविवारच्या आधीच तो गेला. सामना पुढे ढकलला, आणि गेल्या रविवारी झाला. मी चांगला लिहिला असं मला वाटतं. साताऱ्याचा एक गोल शंकास्पद होता, तो खरा धरावा असं मी स्पष्ट मत दिलं, सांगलीच्या विरुद्ध. कागद घेऊन दुकानाच्या पायरीवर गेलो. माणसं होती, दोन्ही बाजूंची. मारुती होता. मी वाचायला लागलो. त्या गोलाच्या वाक्याशी थोडा थांबलो... कुणी काही बोललं नाही. शेवटपर्यंत वाचलं.

“बराबर हाय, नाना,” मारुती म्हणाला. “तुमचं बराबरच असतंय.” आणि त्यानं माझ्यासाठी चहा सांगितला.

कप हातात येतो न येतो तोच तो शेजारच्या साताऱ्याच्या माणसाकडे वळला. “पन दस्तगीर असता तर त्यानं ह्यो गोल दिला नसता.”

“न दिऊन जातोय कुठं? दिलाच असता!”

“आरं, त्याला तू वळखतोस का मी?”

“तुमी सांगलीकर काय वळखनार त्याला! आमच्या गावचा त्यो!”

दुकानातली सगळी माणसं उभी राहिली. मी कागदाची घडी घातली, चहा संपवला आणि पायरीच्या एका बाजूला सरकून उभा राहिलो, कारण मधली जागा त्यांना लागत होती.