शेवटच्या कडव्यातले पाळक

दौलताबादच्या रस्त्यावर आमच्या वसाहतीत एक छोटं चर्च आहे. तिथं पुढच्या बाकावर एक निवृत्त कंपाउंडर बसतात. दीडशे वर्षांपूर्वीच्या पाळकांनी रचलेली गीतं त्यांना पुस्तकाशिवाय येतात, आणि ते एकही कडवं गाळत नाहीत. अभंगात असतं तसं रचणाऱ्याचं नाव शेवटच्या कडव्यात असतं ना, म्हणून. "नाव यायच्या आधीच थांबलं, तर त्यांना दारातनं परत पाठवल्यावानी व्हतं," असं त्यांचं म्हणणं.

मी तिथं पेटी वाजवतो, म्हणजे चुकीच्या पट्ट्या जोरात दाबतो. शहर आमच्यापर्यंत आलं, नळ आले नाहीत. एका दुष्काळात पाण्याचा टँकर आठ दिवसांनी यायचा. एका रविवारी सात कडव्यांच्या गीताचं तिसरं कडवं चालू असताना हॉर्न वाजला आणि मंडळी उठली. सगळ्यांत पुढं पेटीवाला होता.

दोन बादल्या भरून परतलो, तर रिकाम्या बाकांपुढं ते एकटेच डोळे मिटून सातवं कडवं गात होते. पाळकांचं नाव आलं तशी त्यांची मान लवली. टँकर तोवर रिकामा होऊन गेला होता.

"काका, आता आठ दिवस काय करणार?"

"बघू. त्यांनी तर हे दुष्काळातच रचलं, बाबा. त्यांच्याकडं कुठं टँकर यायचा?"

मी एक बादली त्यांच्यापुढं ठेवली. दुसरी घेऊन दारापर्यंत गेलो आणि तीही परत आणून ठेवली. घरी बायकोला काय सांगायचं, ते गीत अजून कुठल्याच पाळकानं रचलेलं नव्हतं.