ताजमहालामागचं बेट

बेट सोडलं त्या सकाळी आई अंगण सारवत बसली होती. घाटावर डोंगा भरून तयार. त्यात पलंग, पाटा-वरवंटा, चौकटीसकट काढलेलं घराचं दार आणि टोपल्याखाली कोंबड्या. बाबा हाका मारून मारून थकले, आणि ही बाई सारवलेल्या अंगणात आरामात रांगोळीचे ठिपके टाकते आहे! पावसाळ्यात धरणाचं पाणी चढणार आणि बेट बुडणार, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मी वैतागले. "आई, कोणासाठी सारवून राहिली वं?" तर वरही न पाहता म्हणाली, "पाणी येनार हाये ना घरात? मंग त्याले काय घाण घर दाखवू?"

तिकडे काठावर, पुनर्वसनाच्या गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या नागपुरात येऊन पडलेल्यांनो, ही आठवण तुम्हा सगळ्यांसाठी. तुमच्याही आयांनी असंच काहीतरी केलं असणार. सिंधूच्या आईने तर तुळशीसोबत वृंदावनाच्या विटाही आणल्या होत्या.

आम्ही नागपुरात हुडकेश्वरला आलो तेव्हा इथे प्लॉटच्या खुणा होत्या आणि बाकी सगळी काळी माती. चपला चिखलात रुतायच्या, पाय तेवढे वर यायचे. बाबा जन्मभर बांबूने डोंगा रेटणारे नावाडी. बेटावरच्या प्रत्येक माणसाला त्यांनी पलीकडे नेलं-आणलं होतं. इथे काय रेटणार? एका गोदामावर पहारेकरी लागले. पण माणूस हसरा. पावसाळ्यात गल्लीत पाणी तुंबलं की दारात उभे राहून म्हणायचे, "पाह्य वं, नदी आपल्या मांगं-मांगं आली." काही वर्षांनी ते गेले, आणि तेव्हा लक्षात आलं की आपल्याकडे त्यांचा एकही फोटो नाही.

म्हणजे मतदार कार्डावर आहे. पण त्यात बाबा आहेत की काळं मांजर, ते आईलाही सांगता येत नाही. घरात माझ्या सासऱ्याचा फोटो आहे, बाबा गेल्यावर झालेल्या माझ्या लग्नाचा आहे, आईच्या नातवाचे तर मोबाइल भरून आहेत. भिंतीवर एक खिळा मात्र वर्षानुवर्षं रिकामा. आई तो काढूही देत नाही आणि त्यावर दुसरं काही टांगूही देत नाही. मागच्या वर्षी तिच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याने आता जेमतेमच दिसतं. दवाखान्यातून येताना रिक्षात म्हणाली, "दिसते तोवर एकदा पाहाले भेटला असता तुहा बाप."  

यंदा आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलं की हिवाळ्यातल्या मेळाव्यात बेटाच्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं. फोटो गोळा करणार कोण? जिच्याकडे स्कूटी आहे ती. माझं शिवणकामाचं दुकान सांभाळून मी घरोघर हिंडायला लागले. मनात म्हटलं, एवढ्या फोटोंत एखादा तरी बाबांचा निघेल.

आता गंमत ऐका. फोटो शेकड्याने जमले, पण बेट कुठेच नाही! जिकडे तिकडे ताजमहाल. तुम्हाला आठवत असेल, तालुक्याचा फोटोवाला मामा वर्षातून एकदा यायचा आणि घाटावर आपला रंगवलेला पडदा लावायचा. पडद्यावर ताजमहाल, पुढे निळं तळं आणि तळ्यात बदकं. चारही बाजूंनी आपली खरी नदी वाहते आहे आणि आपण नवे कपडे घालून, पावडर फासून त्या खोट्या तळ्यापुढे बसलो आहोत! तेव्हा कोणाला म्हणजे कोणाला वाटलं नाही की मागचा उंबर, मागचा घाट, आपली घरं फोटोत यावीत. रोजचंच ते, त्याचा कोण फोटो काढतो?

पडदा दोन बांबूंवर ताणायचा, आणि घाटावर वारा भन्नाट. मग दोन्ही बाजूंना एकेक माणूस बांबू धरून उभा. बांबू म्हटलं की बाबा. उजवी बाजू कायम त्यांची. मामा नंतर कात्रीने कडा कापून टाकायचा, म्हणजे उरायचा फक्त ताजमहाल आणि त्यापुढची मंडळी. पण मामाची कात्री जरा तिरकीच चालायची.

हे मला कळलं मनीषनगरात, सिंधूच्या फ्लॅटमध्ये. ती माझी बालमैत्रीण. तिचा झालरीच्या फ्रॉकमधला फोटो बघत होतो. ती एकदम ओरडली, "अवं, हा तं काकाचा हात!" खरंच की. अगदी कडेला, बांबूभोवती चार बोटं, आणि करंगळी वाकडी. लहानपणी डोंगा आणि दगड यांच्यामध्ये सापडली होती ती. मी किती वेळ त्या करंगळीकडे पाहत बसले. मग काय, सगळे फोटो पुन्हा काढले. एकात कोपर. एकात बंडीची बाही. एकात गुडघ्यापासून खाली पाय, ओला. बेटावरच्या प्रत्येक घरात माझा बाप होता, पण तुकड्या-तुकड्यानं.

आईला दाखवले. तिने भिंग लावून करंगळी पाहिली, कोपर पाहिलं आणि म्हणाली, "हे जोडून माणूस नाही का करता येत तुमच्या मोबाइलात?"

मग धरमपेठेत शांतामावशीकडे गेले. ती माझ्या आईची मैत्रीण, बेटावरून लग्न होऊन दूर गेलेली, आता मुलाकडे असते. तिने देवघरातून एक पोस्टकार्ड काढलं. एका बाजूला फोटो, दुसऱ्या बाजूला पत्ता आणि तिच्या भावाच्या अक्षरात दोन ओळी: आम्ही मजेत आहोत. फोटो बिघडला आहे, तरी पाठवतो.

बिघडला कसला! पुढे मावशीचे आईवडील खुर्च्यांवर ताठ बसलेले. नेमका तेव्हाच उजव्या बाजूने पडदा सुटलेला, ताजमहाल अर्ध्यातून दुमडलेला, आणि मागे आपलं बेट! उंबर, घाटाच्या पायऱ्या, उपडे डोंगे, चुलींचा धूर. वाया गेला म्हणून मामाने त्याला कात्रीच लावली नव्हती. आणि कडेला, डोक्यापासून पायापर्यंत, माझे बाबा. बांबू एका हातात, दुसरा हात पोटावर, तोंड उघडं टाकून खो-खो हसताहेत.

मला रडूच फुटलं. मावशी गोंधळली. "काहून वं? काय झालं?" मी बोट ठेवलं तेव्हा तिने चष्मा सारखा केला. "अरे बाप्पा! हा गणपतभाऊ हाये का? मी तं घर दिसते म्हणून ठेवला होता वं. कडेले कोण हाये, पाह्यलंच नाही कधी!"

स्कूटी कशी हाणली ते मला विचारू नका. आईने पोस्टकार्ड चांगल्या डोळ्याजवळ नेलं. मला वाटलं आता ही रडणार. ती म्हणाली, "पाह्य! सोडला यानंच!"

तुम्हाला ठाऊक नसेल, आमच्या घरातलं हे जुनं भांडण. एकदा घाटावर मामाचा पडदा पडला होता, त्याबद्दल बाबा मरेपर्यंत शपथा घेत होते की मी सोडला नाही, वाऱ्याने ओढून नेला. आणि इथे बांबू खांद्याला टेकलेला, पडद्याची दोरी मोकळी, माणूस हसतो आहे! "खोटारडा," आई म्हणाली. "जिंदगीभर माह्याशी खोटं बोलला." आणि अशी हसायला लागली, अशी हसायला लागली, की पदर डोळ्यांना लावावा लागला. मग पदर तिथेच राहिला बराच वेळ. त्या संध्याकाळी खिळ्यावर फोटो चढला.

तोच फोटो मोठा करून मेळाव्यासाठी फ्लेक्स करायचं ठरलं. दुकानातला मुलगा म्हणाला, "मॅडम, साइडवाला आदमी हटवून देऊ का? फोटो क्लीन दिसेल." म्हटलं, "त्या आदमीला हात लावशील तर खबरदार!" बिचारा घाबरलाच.

मेळाव्याला तुमच्यातले पुष्कळ होते. पुनर्वसनातून बस भरून आली होती. हुडकेश्वरच्या मैदानात दोन बांबूंवर फ्लेक्स ताणला आणि घराघराने त्यापुढे बसून फोटो काढून घेतले. म्हाताऱ्यांनी आपापलं छप्पर बोटाने दाखवलं. एका पोराने विचारलं, "हे कोणतं रिसॉर्ट आहे?" सगळे पोट धरून हसले.

पूर्वी कोणी गाव विचारलं की मी "बुडालं" म्हणून मोकळी व्हायची. आता तसं म्हणवत नाही. त्या दिवशी आपण सगळे बेटापुढे बसलो होतो आणि बेटामागे हुडकेश्वरची घरं होती, आमच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडेसुद्धा दिसत होते. मला दोन्ही आपलंच वाटलं.

वारा सुटला तशी उजव्या बाजूला बांबू धरायला मी गेले. समोर खुर्चीवर बसलेली आई मान वळवून ओरडली, "दोन्ही हातानं धर वं! बापावर गेली असशील तं सोडशील!"

मी दोन्ही हातांनी धरला. पण हसू काही आवरेना.